सहलीचा जमाखर्च

संसाराच्या जमाखर्चाच्या वहीत किराणा असतो, दूध असते, विजेचे बिल असते, शाळेची फी असते, औषधपाणी असते. देवकार्यासाठी आणि पाहुण्यारावळ्यांसाठीही चार पैसे बाजूला काढलेले असतात. परंतु मुलांना घेऊन चार घटका बाहेर जाण्याचा खर्च त्या वहीत क्वचितच आढळतो. तो होत नाही असे मात्र मुळीच नाही. तो होतो, आणि पुष्कळ होतो. पण होऊन गेल्यावर ‘किरकोळ’ या एका शब्दाखाली निमूटपणे झाकला जातो. महिनाअखेर पैसे कोठे गेले याचा शोध सुरू झाला, की हेच ‘किरकोळ’ प्रकरण सर्वांत वजनदार निघते आणि मग घरात एक कठोर निर्णय होतो : आता कोठेही जायचे नाही. दोन महिन्यांनी तो निर्णय मोडतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आम्ही अर्थशास्त्राचे अभ्यासक नव्हे. कलाशाखेचे पदवीधर आणि पेशाने शिक्षक आहोत. तरीही या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले, याचे कारण असे की या न मांडलेल्या हिशेबाचा शेवटचा आकडा आमच्या वर्गात येऊन पडतो. शाळेची सहल जाहीर होते, पैसे भरण्याची तारीख फळ्यावर लिहिली जाते, आणि त्या तारखेच्या सुमारास वर्गातील काही मुलांची प्रकृती अकस्मात बिघडू लागते. कोणी सांगतो, ‘सर, त्या दिवशी आमच्याकडे पूजा आहे.’ कोणी म्हणते, ‘मला बस लागते.’ एखाद्याला तर सहलीच्या दिवशी यावयाचा ताप आठ दिवस आधीच ठाऊक असतो! वर्गावर काही वर्षे काढलेल्या कोणत्याही शिक्षकाला हा ताप ओळखता येतो. तो अंगात नसतो; तो घरच्या परिस्थितीचा असतो, आणि बारा वर्षांचे मूल तो आपल्या अंगावर घेते.

या तापावर औषध कोणते, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमचे मत थोडक्यात असे : मुलांच्या मनोरंजनाचा आणि छंदांचा खर्च वर्षाच्या आरंभीच ठरवावा, तो उघडपणे ठरवावा, आणि ठरविताना मुलांना बरोबर घेऊन बसावे. रक्कम किती हा प्रश्न दुय्यम आहे. ती दीडशे असो वा दीड हजार. ती मुलाला माहीत असणे, हे महत्त्वाचे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करू. मनोरंजन ही चैन आहे. पैसा उरला तर करावी, न उरला तर सोडावी, असे पुष्कळांस वाटते. हे आम्हांस मान्य नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांची संहिता स्वीकारली आणि १९९२ साली भारताने तिला मान्यता दिली. त्या संहितेच्या ३१व्या कलमात विश्रांती, खेळ आणि मनोरंजन हा मुलांचा हक्क म्हणून नमूद आहे. पण संहितेचा आधार घेण्याचीही वस्तुतः गरज नाही. रविवारी बापाचा हात धरून नदीकाठी गेलेले मूल सोमवारी वर्गात अधिक बोलते, अधिक विचारते, निबंधात चार ओळी अधिक लिहिते, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो. जे मुलाला अन्नाइतके नसले तरी अन्नाखालोखाल लागते, त्याला वहीत स्वतंत्र रकाना असावा, एवढेच आमचे म्हणणे.

आता दुसरा आक्षेप. तो अधिक प्रेमळ असल्यामुळे अधिक अवघड आहे. ‘पैशाच्या काळज्या मुलांच्या कानांवर घालू नयेत, त्यांचे बालपण निर्वेध असावे,’ असे कित्येक पालक आम्हांस सांगतात. भावना उदात्त खरी. परंतु मुलांना काही कळत नाही हे तिचे गृहीतकृत्यच चुकीचे आहे. स्वयंपाकघरात हळू आवाजात चाललेले बोलणे पलीकडच्या खोलीतील मुलाला शब्दशः ऐकू येत नसेल, पण त्याचा सूर ऐकू येतो. आणि न कळलेल्या शब्दांच्या जागी मूल स्वतःची भीती भरते. घरात तीनशे रुपयांची ओढ असेल, तर त्याला वाटते की घर बुडाले. भीती सांगणे वेगळे आणि आकडा सांगणे वेगळे. ‘आपल्याकडे पैसे नाहीत’ हे वाक्य मुलाला घाबरविते. ‘या महिन्यात बाहेर जायला आपल्याकडे दोनशे रुपये आहेत, काय करूया?’ हे वाक्य त्याला कामाला लावते.

आमच्या गोव्यातील घरांत ‘म्हाका जाय’ आणि ‘पयशे नात’ ही दोन वाक्ये जत्रेच्या दिवसांत किती वेळा एकमेकांवर आदळत असतील याची गणती नाही. पण याच जत्रेने आमच्या वाडवडिलांना अंदाजपत्रकाची एक सुंदर रीत शिकविली होती. मळ्यावरच्या मारुतीची जत्रा असो वा म्हापशाच्या बोडगेश्वराची. घरातून निघतानाच आजी प्रत्येक नातवंडाच्या मुठीत ठराविक पैसे ठेवी. त्या पैशांत खाजे घ्यावे, की पाळण्यात बसावे, की शिटी विकत घ्यावी, याचा निर्णय सर्वस्वी त्या मुठीच्या मालकाचा असे. पैसे संपले की जत्रा संपली; रुसण्याला जागा नसे, कारण नकार देणारे कोणी मोठे माणूस समोर उभे नसे. मुठीतला पैसाच ‘पुरे’ म्हणत असे. अर्थशास्त्राचा पहिला धडा, म्हणजे एक वस्तू घेतली की दुसरी सोडावी लागते हा, मुले त्या फरीफरी पेटलेल्या दिव्यांखाली खाज्याच्या दुकानासमोर उभी राहून शिकत.

आज ती मूठ रिकामी झाली आहे. २०१६ सालानंतर मोबाईलवरून पैसे देण्याची सोय घरोघर पोचली. सोय मोठी खरी. आम्हीही ती वापरतो. परंतु मुलाच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? बाबा दुकानातील चौकटीसमोर मोबाईल धरतात, एक आवाज होतो आणि आईस्क्रीम हातात येते. पाकीट उघडलेले दिसत नाही, नोट मोडलेली दिसत नाही, उरलेली चिल्लर मोजलेली दिसत नाही. ज्या खिशाचा तळ कधी दिसत नाही, तो खिसा अथांग आहे असे मुलाला वाटले तर दोष त्याचा नव्हे. म्हणून आमची पहिली सूचना अगदी जुनी आहे : निदान सहलीच्या दिवशी तरी ठरलेली रक्कम नोटांच्या रूपाने घ्यावी, ती एका पाकिटात घालावी आणि ते पाकीट घरातील थोरल्या मुलाच्या वा मुलीच्या स्वाधीन करावे. पाकीट हातात असलेले मूल ‘म्हाका जाय’ म्हणण्यापूर्वी एकदा आत डोकावते. असे डोकावणे हेच शिक्षण.

दुसरी सूचना वर्षाच्या आखणीविषयी. जून महिन्यात पुस्तके-वह्यांची खरेदी आटोपली, की एके संध्याकाळी घरातील सर्वांनी वही घेऊन बसावे. उदाहरणादाखल, एखाद्या कुटुंबाला या कामी महिन्याकाठी १,५०० रुपये काढणे शक्य आहे असे समजू. वर्षाचे १८,००० झाले. त्यांतील ६,००० रुपये मुलांच्या एखाद्या वर्गासाठी, म्हणजे गायन, चित्रकला, पोहणे यांपैकी जे ठरेल त्यासाठी. ४,००० रुपये आठ छोट्या फेरफटक्यांसाठी, प्रत्येकी ५०० प्रमाणे. ५,००० रुपये वर्षातून एका मोठ्या सहलीसाठी. आणि उरलेले ३,००० शाळेची सहल, जत्रा आणि अकल्पित प्रसंग यांसाठी. दुसऱ्या एखाद्या घराला महिन्याला ३०० रुपयेच काढता येतील. वर्षाचे ३,६०० झाले. त्यांत १५० रुपयांचे दहा फेरफटके, म्हणजे १,५००, शाळेच्या सहलीसाठी १,२००, जत्रेसाठी ४००, आणि हाताशी ५००. दोन्ही अंदाजपत्रके आमच्या दृष्टीने सारखीच प्रतिष्ठित आहेत. दुसऱ्या घरातील मुलाला शाळेच्या सहलीचे पैसे जूनपासूनच बाजूला पडत आहेत हे ठाऊक असते. त्याला डिसेंबरात ताप येण्याचे कारण उरत नाही.

जेथे ३०० रुपयेही निघत नाहीत अशी घरे आमच्या शाळेत नाहीत काय? आहेत. त्यांचा विचार पुढे येईलच.

तिसरी गोष्ट खर्चाच्या गळतीची. पुष्कळ पालक तिकिटाचा हिशेब करतात आणि घराबाहेर पडतात. पण तिकीट हा सहलीच्या खर्चाचा दिसणारा भाग. समजा, चौघांचे कुटुंब चित्रपटाला गेले आणि तिकीट माणशी २५० रुपये पडले, तर १,००० रुपये होतात. मध्यंतरातील खाणे-पिणे ६०० आणि जाण्यायेण्याचे भाडे ४००, म्हणजे आणखी १,००० रुपये. मनात धरलेला खर्च दुप्पट झाला, आणि तो भुकेने केला. मूल उपाशी असताना केलेली खरेदी नेहमी महाग पडते. निघण्यापूर्वी पोटभर जेवण, पाण्याच्या बाटल्या घरून भरलेल्या, आणि स्थळाच्या सुट्टीच्या वाराची आदल्या दिवशी चौकशी, एवढ्या तीन गोष्टींनी निम्मी गळती थांबते. फोंडा तालुक्यातील बोंडल्याचे प्राणिसंग्रहालय गुरुवारी आणि जुन्या गोव्यातील पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय शुक्रवारी बंद असते. दाराशी जाऊन परत फिरलेले कुटुंब हिरमुसलेल्या मुलांची समजूत काढण्यासाठी जे खर्च करते, तो कोणत्याच वहीत मावत नाही.

मात्र घरून डबा नेण्याविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. स्वस्त सहल पुष्कळदा स्वस्त का होते? घरातील आई पहाटे साडेचारला उठते म्हणून. पुऱ्या तळायच्या, भाजी करायची, डबे भरायचे, परत आल्यावर तेच डबे घासायचे. आणि मग सर्वांनी मिळून म्हणायचे की आजचा दिवस फुकटात आनंदाचा गेला! ज्या सहलीत घरातील एका व्यक्तीला विश्रांती मिळत नाही, ती सहल त्या व्यक्तीच्या श्रमावर उधार घेतलेली असते. तेव्हा डब्याचे काम वाटून घ्यावे. दहा वर्षांच्या मुलाला काकडी चिरता येते, बाराव्या वर्षी पोळीची गुंडाळी करता येते, आणि वडिलांना भांडी घासता येतात, असा आमचा समज आहे. वाटून घेणे जमत नसेल, तर सरळ पाव आणि केळी घ्यावीत. पदेर पहाटे दारात येतोच.

चौथी सूचना आपल्या शहराकडे नव्या दृष्टीने पाहण्याची. गोव्यात राहणाऱ्यांची एक अडचण अशी की येथे पाहुणे फार येतात, आणि पाहुण्यांसाठी ठरलेल्या भावांत आम्ही आमच्या मुलांच्या रविवाराचा विचार करू लागतो. परंतु पणजी शहर आपल्या मुलांना जे जवळजवळ फुकट देते, तिकडे आमचे लक्ष जात नाही. पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयच घ्या. या ग्रंथालयाची स्थापना १८३२ सालची, म्हणजे राजधानी अधिकृतपणे पणजीला येण्यापूर्वीची. तेथे बालवाचकांसाठी स्वतंत्र विभाग आहे. पावसाळ्यातील एका दुपारी मुलांना घेऊन तेथे जावे. भर पावसात याहून कोरडी, शांत आणि स्वस्त जागा शहरात सापडणे कठीण. मिरामार येथे २००१ साली सुरू झालेले विज्ञान केंद्र आहे. तेथे यंत्रांना हात लावू नका असे सांगणारा कोणी नसतो, उलट हात लावल्यावाचून ती चालत नाहीत. कांपाल येथे बालभवन आहे. गायन, नृत्य, चित्रकला, हस्तकला यांचे वर्ग तेथे अल्प शुल्कात चालतात.

आणि फेरीबोट! पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीत पायी चढणाऱ्याकडून भाडे घेतले जात नाही. आज मांडवीवर तीन पूल आहेत, त्यामुळे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनी ही नदी पाण्यावरून कधी ओलांडलेलीच नाही. १९८६ सालच्या जुलै महिन्यात त्या वेळचा पूल कोसळला, तेव्हा याच बोटींनी पणजीला पलीकडच्या तीराशी जोडून ठेवले होते. ही हकीकत बोटीच्या कठड्याशी उभे राहून आजोबांनी सांगावी. पलीकडे उतरून वेऱ्यामार्गे रेइश मागुशच्या किल्ल्यापर्यंत जावे. १५५१ साली बांधलेला हा किल्ला पुढे तुरुंग झाला. १९९३ पर्यंत तो तुरुंगच होता, आणि जीर्णोद्धारानंतर २०१२ साली लोकांसाठी खुला झाला. मारिओ मिरांडा यांची व्यंगचित्रे तेथे पाहावयास मिळतात. बसभाडे आणि किल्ल्याचे प्रवेशशुल्क, एवढाच काय तो खर्च. आणि त्यात नदी, इतिहास, चित्रकला आणि पायांना व्यायाम.

पाचवा मुद्दा मुलांच्या वर्गांचा. शाळा सुटल्यावर सोमवारी कराटे, मंगळवारी तबला, बुधवारी चित्रकला, गुरुवारी गणिताची शिकवणी, असे वेळापत्रक घेऊन वावरणारी मुले आम्ही पाहतो. पालक फीचा हिशेब करतात. मुलाच्या वेळेचा कोणी करीत नाही. वास्तविक त्याच्या अंदाजपत्रकात सर्वांत मौल्यवान नाणे तेच. शेजारच्या मुलाने नाव घातले म्हणून आपल्याही मुलाचे घालावे, तीन महिन्यांनी त्याचे मन उडावे, आणि वर्षाची भरलेली फी बुडू नये म्हणून त्याला रडत पाठवावे, यात पैसा आणि बालपण दोन्ही जातात. एका वेळी एकच छंद घ्यावा. फी शक्य तेथे महिन्याची भरावी, वर्षाची नव्हे. आणि आठवड्यातील दोन संध्याकाळी अगदी मोकळ्या ठेवाव्यात. त्या संध्याकाळी मूल काय करील? काही करणार नाही. कंटाळेल, आणि कंटाळून काहीतरी शोधून काढील.

आता ज्यांच्या घरी ३०० रुपयेही निघत नाहीत त्यांच्याविषयी. येथे घराची जबाबदारी संपते आणि शाळेची सुरू होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. सहलीचे स्थळ आधी ठरवून मग पैसे मागणे ही उलटी रीत झाली. वर्गातील सर्वांत तोकडी ऐपत ध्यानात घेऊन आधी रक्कम ठरवावी आणि त्या रकमेत बसेल ते स्थळ निवडावे. वर्षातील निदान एक सहल बस आणि फेरीबोट यांच्या टप्प्यातील असावी. सहलीचे अंदाजपत्रक मुलांकडूनच तयार करून घ्यावे : बसचे भाडे किती, नाश्ता किती, तिकीट किती, माणशी किती. आठवीच्या गणिताला याहून चांगले उदाहरण कोणत्या पुस्तकात मिळेल? पैसे भरणाऱ्यांची नावे वर्गात मोठ्याने वाचू नयेत; फळ्यावर ‘राहिलेल्यांची’ यादी तर कधीही लिहू नये. ज्याला कमी पडते त्याला मिळणारी मदत दोन मोठ्या माणसांतच राहावी. आणि सहलीहून परतल्यावर झालेल्या खर्चाचा हिशेब सूचनाफलकावर लावावा. ज्याच्या पैशाचा हिशेब मागितला जातो त्याला राग येतो. ज्याच्या पैशाचा हिशेब आपण होऊन दिला जातो, त्याला विश्वास येतो.

कोणी म्हणेल, एवढ्याशा आनंदाला एवढी वही कशाला? आनंद मोजूनमापून करावयाचा असतो काय? आमचे उत्तर असे की आनंद मोजावयाचा नाही. त्याच्या आड येणारी टोचणी आधीच मोजून दूर ठेवावयाची. ऋण काढून सण करणाऱ्याचे लक्ष सणात नसते. किल्ल्याच्या तटावर उभे राहून मुले समुद्र पाहत असताना बाप मनात परतीचे भाडे मोजीत असेल, तर त्याने तिकीट काढूनही समुद्र पाहिलेला नसतो. हिशेब घरी झालेला असला, की तटावर फक्त समुद्र उरतो.

विद्यार्थिमित्रांनो, हा अंक घरी न्याल तेव्हा हा लेख आईवडिलांना वाचून दाखवा, आणि मग एक कोरी वही पुढे करा. त्यांच्याकडे अधिक पैसे मागू नका, आकडा मागा. तो लहान निघाला तर लाजू नका, आणि मोठा निघाला तर मिरवू नका. पालकबंधुभगिनींनो, तुम्हीही तो आकडा विश्वासाने सांगा. आणि आम्ही शिक्षक आमच्या बाजूने एवढेच करू : पुढील वर्षी सहल जाहीर होईल तेव्हा वर्गातील एकाही मुलाला ताप येऊ नये, अशा बेताने ती आखू.